रोजच्याएवढीच मूठ

मार्थामावशीने देवाशी अबोला धरला होता. खरंच! चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि ही डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. गाण्यालाही ओठ हलायचे नाहीत. पण रविवार एकही चुकवला नाही तिने, आणि दर रविवारी हातात तांदळाचा डबा असायचाच.

आमच्या चिचगडच्या छोट्याशा मंडळीत पद्धत आहे. भात टाकताना एक मूठ देवाची. ती वेगळ्या डब्यात ठेवायची, रविवारी चर्चमध्ये न्यायची, मग ते तांदूळ कुणा आजारी माणसाच्या घरी जातात. मावशीचा मुलगा सिकलसेलच्या रक्तविकाराने गेला, तेव्हापासून तिचा अबोला. मूठ मात्र चालूच! मी एकदा विचारलं, "मावशी, बोलत नाहीस तर तांदूळ कायले देतेस?"

"नवऱ्यासंग भांडन झालं तं त्याले उपाशी ठेवतो का आपन?"

ती आमची शेजारीण. मला फार आवडायची, पण तिच्या घरात बसायची भीती वाटायची. भिंतीवर तिच्या मुलाचा फोटो होता, माझ्या भावाच्या, शमूच्या वयाचा. आणि शमूलाही तोच आजार. मी नेहमी त्या फोटोकडे पाठ करून बसायचे.

दोन वर्षांपूर्वी थंडीत शमूचं दुखणं उठलं. हातपाय दुखणं नेहमीचंच, पण यावेळी छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. देवरीच्या डॉक्टरांनी सरळ गोंदियाला पाठवलं. आई-बाबा त्याच्यासोबत गेले, मी मावशीकडे. सकाळपासून फोन नाही! मी मोबाईल घेऊन नुसती आत-बाहेर करत होते.

"मावशी, देव आहे ना?"

"मले कायले विचारतेस? मी बोलून नाही राहिली त्याच्यासंग. तू भात टाक."

मी तांदूळ घेतले. देवाच्या डब्यात एक मूठ टाकली. मग आणखी एक. मग दोन्ही हातांची ओंजळ भरली, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"लाच देऊन राहिली का त्याले? रोजच्याएवढंच टाक."

जास्तीचे तांदूळ तिने डब्यातून परत काढले. काढताना अर्धे खाली सांडले.

"तुलेबी भेव लागून राहिला का?"

"लागल नाही तं काय! माह्या पोराच्या वेळेस मी अख्खी गोनी कबूल केली होती त्याले."

मी खाली सांडलेले तांदूळ वेचायला बसले.

दुपारी भात चुलीवर असतानाच बाबांचा फोन आला. शमू श्वास घेत होता, बोलला होता, पाणी मागितलं होतं! मी ओरडतच मावशीच्या गळ्यात पडले. ती तशीच उभी. "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि परसात गेली. तिचा चेहरा बघून मी पुन्हा घाबरले आणि दाराआड उभी राहिले.

ती वर बघत होती. "या पोराच्या वेळेस ऐकलं ना?" इतक्या वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती! "मंग माह्याच वेळेस काऊन नाही ऐकलं? सांग ना आता!"

ती उत्तराची वाट बघत उभी होती. मग पदराने तोंड पुसून आत आली. "वास येऊन राहिला, पोरी. भात जाळला ना तू!"

त्या दिवसापासून तिचा अबोला संपला आणि भांडण सुरू झालं. चर्चमध्येही हळू आवाजात भांडायची. पाळक एकदा म्हणाले, "मार्थाबाई, विश्वास ठेवा."

"ठेवला म्हनून तं भांडून राहिली ना! भरोसा नसता तं भिंतीसंग भांडली असती का?"

यंदा मावशी गेली. तिने भरलेला शेवटचा डबा शमूनेच चर्चमध्ये नेला.

आणि आज सकाळी त्याच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं. आई-बाबा घेऊन गेलेत. अजून फोन नाही, म्हणून हे इतकं भराभर टाइप करतेय. थांबले की भीती वाटते. प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, आणि डोळे मिटले की तो भिंतीवरचा फोटो दिसतो.

मघाशी भात टाकायला बसले. मूठ भरली तर तांदूळ बोटांमधून ओसंडत होते. कुणी मनगट धरायला नव्हतं. मीच बोटं सैल केली, जास्तीचे परत टाकले, आणि देवाच्या डब्यात रोजच्याएवढेच टाकले.