जळका बोर्ड

सिंगापुरात आंग मो किओ भागातल्या आमच्या ऑफिसात आमच्या सीनियर इंजिनिअरांचं टेबल खिडकीपाशी आहे. आमच्यापैकी कुणीही काढलेलं सर्किट बोर्डाचं डिझाइन कारखान्यात जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जातं. स्क्रीनवर ते काही बघतच नाहीत. "खऱ्या मापात कागदावर छापून आण," म्हणतात. मग जुन्या बिस्किटांच्या डब्यातून खरे पार्ट काढतात आणि पानात मीठ-लिंबू-चटणी वाढावी तसे जागच्या जागी कागदावर मांडतात. "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "बघ बरं," एवढंच.

गेल्या मंगळवारी माझा पहिला बोर्ड पाठवायचा होता. स्क्रीनवर मी तो दहादा तपासला होता. त्यांनी कागदावर वायरी जोडायचा कनेक्टर ठेवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"बघ बरं."

कनेक्टरच्या पहिल्या पिनेच्या जागी मी शेवटची पिन दाखवली होती. कनेक्टरचं खालून दिसणारं चित्र मी वरून दिसणारं समजून उतरवलं होतं, आरशातल्यासारखं उलटं. असा बोर्ड बनून आला असता तर करंट देताच जळला असता.

"सर, मी..."

त्यांनी खण उघडून एक करपलेला जुना बोर्ड पुढे ठेवला. त्यावरही कनेक्टर असाच उलटा होता, आणि कोपऱ्यात त्यांचीच आद्याक्षरं.

"माझी चूक जळल्यावर कळली. तुझी कागदावरच सापडली."

मला एकदम हसूच फुटलं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"कोपऱ्यात नाव घाल."

मी घातलं. कागदाची घडी त्यांनी त्या बोर्डाखाली ठेवली आणि खण लावला.

"पुढच्याला दाखवायला आता दोन झाले. जा, नवीन छापून आण."