पिस्तूल तिकडेच ठेवून या!

दुबईत, अल क्वोजच्या आमच्या ऑफिसात किस्से कोणी जमवायला जात नसे. खिडकीतल्या एसीचं पाणी टपकावं तसे ते आपोआप साचायचे. तेलविहिरींना यंत्रं पुरवणारी अमेरिकन कंपनी, नव्वदची वर्षं, मी परचेसला आणि एचआरला पुण्याच्या सुनंदा कुलकर्णी. नव्या माणसांचा पहिल्या दिवशीचा क्लास ताईच घ्यायच्या. रमजानमध्ये कसं वागायचं, गाडी कशी चालवायची, सगळं सांगून झालं की शेवटचा विषय यायचा: हत्यार!

“लायसन्सशिवाय पिस्तूल नाही. गोळी नाही. बॅगेत चुकूनसुद्धा नाही.”

आणि मग अमेरिकन मंडळींचे हात वर!

*

टेक्सासचा वेड नावाचा गडी पहिल्याच बाकावर.

“गाडीत सीटखाली?”

“नाही.”

“घरात, उशाखाली?”

“नाही.”

“मग मॅडम, घरात चोर शिरला तर मी करू काय?”

ताई शांतपणे म्हणाल्या, “चहा विचारा आणि पोलिसांचा नऊ-नऊ-नऊ फिरवा!”

*

एकदा क्लासमध्ये एक व्हरमाँटचा आणि एक न्यूयॉर्कचा, दोघे एकदमच आले. दोन्ही राज्यं शेजारी. व्हरमाँटवाला म्हणे, “आमच्याकडे पिस्तूल खिशात घाला आणि फिरा, लायसन्स-बिसन्स काही नाही.” न्यूयॉर्कवाला म्हणे, “तेच घेऊन आमच्याकडे ये, थेट आत!” लंचची वेळ झाली तरी वाद काही संपेना.

दाराशी आमचे स्टोअरकीपर गावडे उभे होते, सावंतवाडीकडचे. मी त्यांना भांडण काय ते समजावून सांगितलं.

“अरे, म्हंजे गोव्यातली बाटली बांद्याच्या नाक्यार धरतत, तसाच मा ह्या!”

ताईंनी ते इंग्रजीत करून सांगितलं: गोव्यात चालणारी दारू हद्द ओलांडून महाराष्ट्रात आणली की बांद्याच्या नाक्यावर पकडतात. वाद खलास! पुढच्या प्रत्येक क्लासात ताई बांद्याचा नाका शिकवायला लागल्या.

*

ताईंचा मुलगा रोहन तेव्हा सहा-सात वर्षांचा. दिवाळीला पुण्याला गेला, तर आजोबांनी टिकल्यांचं पिस्तूल घेऊन दिलं. परतताना आजोबा मुंबईच्या विमानतळावर सोडायला आले होते, तिथे ताईंनी त्याचं दप्तर उघडलं. आत पुस्तकांच्या खाली ते चकचकीत पिस्तूल!

“हे आजोबांकडे दे. इथेच राहील.”

“But Aai, it's only for Diwali!”

“दुबईच्या कस्टम्सला दिवाळी कोण समजावणार?”

“You! You teach the class!”

पिस्तूल मात्र आजोबांबरोबर परत गेलं.

*

रास अल खैमाच्या अमिरातीत आमचे एक जुने अरब गिऱ्हाईक होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांची बंदूक आणि तिच्याखाली फ्रेम करून लावलेलं लायसन्स! आमचा वेड ती बघून विरघळलाच. हात पुढे करून म्हणाला, “जरा उचलून बघू?”

म्हाताऱ्याने त्याच्या पुढे केलेल्या हातात कॉफीची वाटी ठेवली.

“ही उचल, हबीबी. हिला लायसन्स लागत नाही!”

*

आणि मग कार्ल. दोन हजारनंतरची गोष्ट. अलास्काचा, दारातून वाकून येणारा माणूस, सुट्टीत शिकार करणारा. त्याच्या राज्याने नुकतीच लायसन्सची अट काढून टाकली होती, त्यामुळे गडी खुशीत होता.

शुक्रवार होता. सुट्टीवरून परतलेला कार्ल दुबई विमानतळावर बॅग घेऊन उभा. घराची किल्ली शोधायला बॅगेतल्या जाकिटाच्या खिशात हात घातला, तर हाताला लागली गोळी! पिस्तुलाची, एकच. समोर बॅगा तपासायचं मशीन, शेजारी कचऱ्याचा डबा.

टाकावी का? पण क्लास आठवला: लपवू नका, टाकू नका, आधी सांगा. कार्ल सरळ चालत गेला आणि गोळी तळहातावर ठेवून अधिकाऱ्यासमोर उभा राहिला.

त्यांनी त्याला आतल्या खोलीत बसवलं. त्याने ताईंना फोन केला, ताईंनी मला. मी गाडी काढली. ताई कुकर बंद करून तशाच निघाल्या. वाटेत फक्त एवढंच म्हणाल्या, “त्याची नोकरी गेली तर जाऊ दे, पण तुरुंग नको रे.”

आत कार्लचा चेहरा पांढराफटक. अधिकारी तरुण होता, कडक. तासभर चौकशी. ताईंनी क्लासच्या हजेरीवरची कार्लची सही दाखवली, गोळीचं त्याने स्वतःहून येऊन सांगितलं, हे पुन्हा पुन्हा बजावलं. शेवटी अधिकाऱ्याने गोळी जप्त केली, लेखी ताकीद दिली आणि पेन खाली ठेवलं.

“मॅडम, याच्या राज्यात खरंच लायसन्स लागत नाही?”

“नाही, सर. पण विमानाने दुसऱ्या राज्यात उतरला की लागतं. तिसऱ्यात आणखी वेगळं.”

अधिकाऱ्याने कार्लकडे बोट दाखवलं.

“मग आपण कुठे उतरलोय, हे याला कळतं कसं?”

ताई म्हणाल्या, “आज कळलं, सर!”

“यल्ला, चला!” अधिकारी खो-खो हसत म्हणाला, “घरी न्या याला!”