मोहफुलांची बरणी

धानोऱ्याच्या गिरजाबाई लेकीसोबत नागपूरच्या एका आलिशान दुकानात गेल्या. तिथल्या खाद्यदालनात काचेच्या बरणीत मोहफुलं मांडली होती. विकणारी मुलगी गिऱ्हाइकांना सांगत होती, "जंगलातल्या बायका गाणी म्हणत ही फुलं वेचतात."

गिरजाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी तोंडावरचा पदर सारला. कानापासून हनुवटीपर्यंत गाल शिवलेला होता.

"मोह वेचतानाच अस्वलानं फाडला. गाणी नाई म्हणत आमी. जनावर पळावं म्हणून डबे वाजवतो."

"आई, हळू बोल," लेक म्हणाली.

"काऊन हळू? थे तर साऱ्यायले सांगून राह्यली."

गिऱ्हाइकं पांगली. विकणाऱ्या मुलीनं मान खाली घालून विचारलं, "मग काय सांगू, बाई?"

"पाह्यलं तेच सांग," म्हणत गिरजाबाई तणतणतच बाहेर पडल्या.