सहाव्या फळीखाली

आमचं लंडनच्या हॅरोमधलं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजाऱ्यांची आणि आमची एक भिंत सामायिक. अशा घरात वीस-बावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सिंकखालच्या कपाटात कॅरियर बॅगा साठतात तसे ते साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण दार उघडलं की अंगावर येतात. आज त्यातले फक्त शेजारच्या मेधाचे काढते.

*

मेधा मूळची नागपूरची. तिथे अकरा वर्षं शाळेत फिजिक्स शिकवून मग नवऱ्याबरोबर इकडे आली.

एका सकाळी भिंतीपलीकडून तिचा चढलेला आवाज आला. "हे मॉडेल का टाकून दिलं? Give me a reason." तिचा निखिल तर सातच्याच ट्रेनने ऑफिसला गेलेला. मग ही भांडतेय कोणाशी? मला काही बसवेना. पोह्यांची डिश घेतली आणि बेल वाजवली.

आत डायनिंगच्या चार खुर्च्या ओळीत मांडलेल्या, प्रत्येकीवर एक उशी. ती उश्यांना अणूची रचना शिकवत होती.

"बरं झालं काकू आलात. पाचवी खुर्ची आणते."

त्या दिवशी सगळं कळलं. इथली कायमची शिक्षिका व्हायचं तर बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर एक तास घ्यायचा. पास झाली तर शाळा वर्क परमिट वाढवून देणार. निखिलचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं, त्यामुळे दोघांचं इथलं राहणं या एका तासावर. नापास झाली तर जुलैत परत नागपूर, आणि तिकडची नोकरी तर ती सोडून आलेली.

"किती वेळा देता येतं?" मी विचारलं.

"एकदा झालं काकू. ही शेवटची."

*

पहिल्यांदा काय झालं ते तिने मला पोहे संपल्यावर सांगितलं. वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, "मिस, अणू कोणी बघितलेलाच नाही, मग तो असाच आहे हे कशावरून?"

मेधा म्हणाली, "That is not in your syllabus. Sit down."

"मग?" मी म्हटलं. "बरोबरच की. आमच्या मास्तरांनी तर पट्टी घेतली असती."

"नागपूरला वर्ग गप्प बसला असता. इथे परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं."

*

मग मी तिची कायमची विद्यार्थिनी झाले. शिक्षण माझं मॅट्रिकपर्यंत, तेही रडतखडत. पण ती सांगायची छान. म्हणाली, पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की अणू म्हणजे धन भाराचा एक भरीव गोळा, आणि त्यात ऋण भाराचे इलेक्ट्रॉन इकडेतिकडे रुतलेले.

"म्हणजे रव्याचा लाडू आणि त्यात बेदाणे," मी म्हटलं.

ती खूश झाली. मी उत्साहाने तीस लाडू वळून वर्गासाठी दिले. संध्याकाळी तीसच्या तीस परत. मी सवयीने काजू घातले होते आणि त्या शाळेत नट्सना सक्त बंदी.

आठवडाभर आम्ही ते टाकून दिलेलं मॉडेल चहाबरोबर खात होतो. आमचे हे म्हणाले, "चुकीचं असेल, पण तूप बरोबर पडलंय."

*

पुढचा धडा पार्कात. माझ्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवून मेधाने मला मैदानाच्या मध्यावर उभं केलं आणि स्वतः मोबाइलवर माझ्याशी बोलत चालत सुटली. पार कुंपणापाशी जाऊन थांबली.

"काकू, तुमच्या हातातलं ते अणुकेंद्र. इलेक्ट्रॉन इथे, माझ्यापाशी."

"आणि मधे काय?"

"काही नाही."

कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबून मला विचारू लागले, हरवलात का? मी मूठ घट्ट मिटून "नो थँक यू" म्हटलं. पण मनात किडा वळवळायला लागला होता. फोनवर म्हटलं, "मेधा, सगळं एवढं पोकळ आहे तर मी खुर्चीतून खाली का पडत नाही?"

ती म्हणाली, "खुर्चीतले इलेक्ट्रॉन तुमच्यातल्या इलेक्ट्रॉनना ढकलतात म्हणून. पण काकू, हे वर्गात कोणी विचारलं ना, की मी आधी घाबरते."

एवढी अकरा वर्षं शिकवलेली शिक्षिका. मला ते ऐकून कसंसंच झालं.

*

तास आठवड्यावर आला तेव्हा तिच्या विभागप्रमुखांनी नवीनच खोट काढली. ते तिला म्हणाले, "मुलं प्रयोग बघतच नाहीत, तुमच्या भुवया बघतात. बरोबर उत्तर आलं की त्या वर जातात."

मी म्हटलं, छट्. मग आम्ही करून पाहिलं. तिने दहा प्रश्न विचारले. मी तिने लिहून दिलेली तीन-तीन उत्तरं सावकाश म्हणत गेले आणि भुवई हलली की थांबले. दहापैकी दहा. त्यातलं मला एक अक्षर कळलं नव्हतं.

मेधा म्हणाली, "ही सवय आता आठवड्यात कशी जाणार हो?"

खुर्च्या परत जागेवर लावताना तीच म्हणाली, "मलाच उत्तर माहीत नसेल तर?"

*

प्रयोग असा होता. शास्त्रज्ञांनी सोन्याच्या पातळ वर्खावर बारीक कण सोडले. बहुतेक आरपार गेले, थोडे वळले, एखादा उलटा फिरला. त्यावरून आत काय आहे ते ताडलं. वर्गात त्याऐवजी सहा टेबलांवर बुटक्या पायांच्या सहा फळ्या, आणि प्रत्येकीच्या पोटाशी चिकटवलेला एक लाकडी ठोकळा. मुलांनी फळीखालून गोट्या सोडायच्या, त्या कुठून बाहेर येतात ते कागदावर काढायचं आणि ठोकळ्याचा आकार ओळखायचा. फळी कोणी उचलायची नाही. अणू तरी कुठे उचलून बघता येतो?

कुठल्या फळीखाली कुठला आकार, हे मेधाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून सगळे ठोकळे मी चिकटवले, आमच्या किचनमध्ये, दार लावून. सकाळी तिने फळ्यांकडे न बघता त्या गाडीत घातल्या आणि गेली.

नऊ वाजता मी केर काढत होते. टेबलाखालून झाडूबरोबर एक तिकोनी ठोकळा बाहेर आला.

मी तो उचलून बघितला. चिकटपट्टी जुनी होती. नवीन आणायला हायस्ट्रीटवरच्या दुकानात कोण जातं म्हणून मीच ड्रॉवरमधली वापरली होती.

तास अकराला. मेधाचा मोबाइल बंद. शाळेत फोन केला तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "ती वर्गात आहे. इमर्जन्सी आहे का?" काय सांगणार? हे पेपर खाली न करता म्हणाले, "सांग, अणूचं केंद्र घरी राहिलंय."

मी फोन ठेवला. त्या दिवशी मी जेवले नाही.

*

चार वाजता मेधा आली ती सरळ आमच्याकडे. कोटही काढला नाही. मी ठोकळा पिठाच्या डब्यामागे सारला.

"काकू, परीक्षक बाई नेमक्या सहाव्या टेबलाशी बसल्या. पाच टेबलांवर मुलांनी आकार ओळखले. सहाव्यावर प्रत्येक गोटी सरळ आरपार. एक मुलगा म्हणाला, मिस, आत काहीच नाही. माझ्याकडे बघायला लागला. मलाच माहीत नाही, तर चेहऱ्यावर काय दिसणार? मी म्हटलं, कशावरून?"

"मग?"

"शेजारची मुलगी म्हणाली, असेल काहीतरी, पण इतकं लहान की आपली गोटी अजून लागलीच नाही. दोघांची जुंपली. मग त्यांनी बारीक गोट्या मागितल्या. मग जवळजवळच्या रेघा आखून सोडायला लागले. बेल झाली तरी उठेनात. आणि काकू, परीक्षक बाई गुडघ्यांवर बसून दुसऱ्या बाजूने गोट्या अडवत होत्या."

"अगं, पण झालं काय?"

"वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी फळीच्या कडेवर हात ठेवला. मी म्हटलं, सॉरी, ती आम्ही उचलत नाही. त्यांनी विचारलं, मग आत आहे तरी काय? मी म्हटलं, आय डोन्ट नो. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात उभं राहून म्हटलं. त्यांनी फॉर्मवर सही केली."

"पास?"

"पास."

मी तिला धरून रडले. तीही रडली. मग नाक पुसून, कोटाची बटणं काढत म्हणाली, "आता तरी सांगा काकू. सहाव्या फळीखाली काय होतं?"

मी म्हटलं, "आधी चहा घे."