काराकोरमच्या हमालाचं नाव

घरातली पहिली पदवीधर मी. कॉलेजपासून एक गोष्ट मला टोचत होती. काराकोरमचे डोंगर शोधणाऱ्या साहेबांची नावं पुस्तकांत पानोपानी, त्यांची ओझी वाहणारे मात्र नुसते 'हमाल'. त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव शोधून आणायचं मी ठरवलं. आई एकटीला सोडेना, म्हणून बाबा निघाले. बाबांबरोबर आमच्या मिठबाव गावचा नारळही निघाला.

कणकवलीहून रेल्वेने दिल्ली, पुढे विमानाने लेह. तिथे दोन दिवस खुशाल लोळा, धाप खरंच लागते. नुब्रा खोऱ्याचा परवाना लेहमध्येच काढा. नुब्रापर्यंत शेअर टॅक्सी स्वस्त पडते. आम्ही जुन्या काफिल्यांच्या वाटेवरच्या पनामिक गावापर्यंत स्वतंत्र गाडी केली. खारदुंगच्या खिंडीत मी बाबांना मोहिमांचा इतिहास ऐकवत होते.

"बाय, आदी श्वास घे," बाबा म्हणाले. "इतिहास खंय पळान जाता?"

पनामिकला एका आजीबाईंच्या घरी उतरलो. बाबांनी थुक्पा, म्हणजे तिकडचं शेवयांचं गरम सूप, चाखलं. "माशाशिवाय कढी," म्हणाले आणि दुसरी वाटी घेतली. आजीबाईंचे आजोबा साहेबांची ओझी घेऊन खिंडी ओलांडत. मी पेन सरसावलं. नाव काय त्यांचं?

"मेमे."

मेमे म्हणजे तिकडे आजोबा. खरं नाव?

"आम्ही मेमेच म्हणायचो."

माझा चेहरा पडला. बाबा मात्र नारळ घेऊन अंगणात उभे. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तसं डोंगराकडे बघून त्यांनी सुरू केलं, "बा राखणदारा म्हाराजा, जे कोण ह्या वाटेन ओझी घेवन गेले, नावाचे आनि बिननावाचे, त्या सगळ्यांका हो नारळ पोचव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला उत्तर लागतं. शिकल्यापासून मी गावात ते देत नव्हते. इथे बाबा एकटे पडले होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

बाबांच्या पुढच्या 'म्हाराजा'ला आमचा लडाखी ड्रायव्हरही ओरडला, माझ्यापेक्षा मोठ्याने. खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

घरी परतल्यावर सुचलं म्हणून बाबांना विचारलं, आपले खापरपणजोबा गलबतावर खलाशी होते ना, नाव काय त्यांचं?

बाबांनी डोकं खाजवलं.

"तांडेलाचा नाव सांगू?" गलबताच्या कप्तानाचं नाव त्यांना पाठ होतं.

मी वेंगुर्ल्याला बाबांच्या म्हाताऱ्या आतेला फोन लावला.

"सोनू," ती लगेच म्हणाली. "कित्याक गो?"