कॅप्टनची चाळीस मिनिटं

१४ जुलै, मंगळवार. सकाळपासून संततधार. दूध उशिरा आलं. दुपारी ३.४० ला तळघरातला पंप आपोआप सुरू झाला.

‘आपोआप’ हा शब्द पंपाबाबत मी पहिल्यांदाच लिहिला. बावीस वर्षं तो कॅप्टनच सुरू करायचे. कॅप्टन म्हणजे आमच्या इमारतीचे पंपवाले. तळघरात उंच स्टुलावर ऐटीत बसतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. त्यांचं घर उताराखालच्या गल्लीत, एकच खोली. दाराशी आईची खाट, आणि आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली.

आमच्या तळघरात साचलेलं पाणी पंप रस्त्यावरच्या गटारात फेकतो, आणि गटार जातं खालच्या गल्लीत. मोठ्या पावसात चाळीस मिनिटांत पाणी कॅप्टनच्या उंबऱ्याशी. म्हणून त्यांची रीत ठरलेली होती. आधी बायकोला फोन, “आईला वर घे.” ती कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानातून धावत जायची, शेजारणीच्या मदतीने म्हातारीला टेबलावर चढवायची. “घेतलं,” असा फोन आला की मगच बटण.

तेवढ्यात तळघरातल्या आमच्या गाड्यांची चाकं भिजायची.

“कॅप्टन, पंपाला मुहूर्त लागतो का?” गेल्या महिन्यात सभेत सेक्रेटरींनी विचारलं.

“काय करणार साहेब, म्हातारी अजून पोहायला शिकली नाही.”

सगळे हसले, तेही हसले. मग ठराव आला. पाण्यावर तरंगणारा गोळा बसवायचा, तो वर उचलला गेला की पंप चालू. तळघरात ह्यांचं पुस्तकांचं कपाट आहे. ह्यांच्यामागे तेवढंच राहिलंय. मीही हात वर केला.

“पण साहेब, बटण माझ्याच हातात राहील ना?”

“अहो, आता तुम्ही जागेवर नसलात तरी चालेल!”

शनिवारी गोळा बसला. आज पंपाचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कॅप्टन खालीच असतील. मी वेळ लिहिली, चहा ठेवला, कपडे आत घेतले. मग जिन्यात वॉचमन भेटला. म्हणाला, सेक्रेटरींनी कॅप्टनना जेवणानंतरच शहराच्या दुसऱ्या टोकाला कागद द्यायला पाठवलंय.

मी फोन लावला.

“आजी, बोला.”

“कॅप्टन, पंप चालू आहे हो.”

“कधीपासून?”

“तीन चाळीस.”

“आणि आता?”

मी घड्याळ पाहिलं. “चार पंधरा.”

फोन बंद झाला.

पंपाच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली सेक्रेटरींकडे. मी गच्चीवर गेले. खालच्या गल्लीतली दारं तिथून दिसत नव्हती, नुसते पत्रे दिसत होते. शिवणाच्या दुकानातून एक बाई चप्पल टाकून धावत सुटली. वळणापर्यंत दिसली, पुढे नाही.

सहाला पुन्हा फोन केला. वाजत राहिला.

सातला पंप थांबला. तळघर कोरडं. ह्यांचं कपाट भिजलं नाही.