कुलूपबंद घरात ‘यूजर ॲक्टिव्ह’

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या अंजूरला खाडीच्या वाटेवर कुणाला काय काय दिसलं, हे लहानपणापासून ऐकत आले आणि दरवेळी तोंडावर हसत आले. “उतरली की दिसायचं बंद होईल,” हे माझं ठरलेलं उत्तर. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहिते... कारण उद्यापासून माझ्या मुलीने पुन्हा त्या घरात एकटीने कुलूप काढून शिरायचं, असं आमच्याकडे ठरलंय.

घर अंजूरलाच. स्लॅबच्या दोन खोल्या, रस्त्यापासून चार पावलांवर दार. मी राहनाळला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे — साडेआठला निघते, सहाला परत. आमचे हे कंटेनर चालवतात, आठ-आठ दिवस बाहेर. मुलगी रिद्धी, सहावीत. शाळा सुटली की शेअर रिक्षाने अडीचला येते, दप्तरातल्या चावीने कुलूप काढते, जेवते आणि माझी वाट बघत बसते. म्हणजे सकाळी साडेआठ ते दुपारी अडीच घरात चिटपाखरू नसतं.

बाहेरच्या खोलीत सेकंडहँड कॉम्प्युटर आहे. त्यावर मी हळदीचे, वाढदिवसाचे बॅनर बनवते. आमच्याकडे हळदीला बॅनर नसेल तर नवरा-नवरी उभे कुठे राहणार, हा प्रश्न पडतो, त्यामुळे काम बरं असतं. मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं म्हणून मी ते कधी बंदच करत नाही.

दिवाळीनंतर त्याचा पंखा बोंबलायला लागला. स्वयंपाकघरात असले तरी घूंऽऽ ऐकू यायचं. जाऊन माउसला हात लावला की — गप्प! टास्क मॅनेजर उघडून बघावं तर सगळं ठीकठाक. पोलीस आला की सज्जन होणाऱ्या चोरासारखं. पाठ फिरवली की थोड्या वेळाने पुन्हा घूंऽऽ.

रिद्धीची तक्रार वेगळीच. “आई, मी येते तेव्हा तो गप्प असतो गं. हातपाय धुऊन ताट वाढून घेतलं की ओरडायला लागतो. मला बघूनच ओरडतो.”

“तुझ्या तोंडाला घाबरत असेल,” मी म्हटलं, आणि तिथेच सोडून दिलं. तेव्हाच कान टोचले असते कुणी माझे तर...

एका शनिवारी सीपीयू उचलला आणि धामणकर नाक्यावर इम्रानभाईंच्या दुकानात नेला. गोडाऊनचे कॉम्प्युटर तेच बघतात, माणूस सरळ. त्यांनी तासभर खटपट केली आणि हसत माझ्याकडे वळले.

“दीदी, आपने कौनसा सॉफ्टवेअर फुकट में डाला?”

मी जीभ चावली. बॅनरचे मराठी फॉन्ट देणारं सॉफ्टवेअर, क्रॅक केलेलं, एका ग्रुपवरच्या लिंकवरून घेतलं होतं. फुकटची हौस, दुसरं काय! त्याच्या पोटात क्रिप्टो मायनिंगचा प्रोग्रॅम बसून आला होता. इम्रानभाईंनी समजावलं ते असं — हा प्रोग्रॅम आपलं मशीन राबवतो आणि कमाई भलत्याच कुणाच्या खिशात जाते. आपल्याला कळू नये म्हणून घरचं माणूस मशीनपासून उठायची वाट बघतो. “पाच मिनिट किसी का हाथ नहीं लगा, तो चालू. हाथ लगा, तो बंद. बहोत चालाक है.”

“मग काढता येईल ना?”

“क्यूँ नहीं? पहले नेट काटो, फिर ये क्रॅकवाला निकालो, फिर स्कॅन. मशीन चालू होते ही ये फिर से उठता है, वो सेटिंग भी उडानी पडती है. नहीं माना तो फॉरमॅट. और दीदी, पासवर्ड सारे बदलो, लेकिन मोबाइल से.”

मी मान डोलवत होते. पासवर्ड कुठे लिहून ठेवलेत ते आठवत होते. आणि अचानक रिद्धीचं बोलणं कानात वाजलं.

पाच मिनिटं हात लागला नाही की चालू. मग घरात सकाळपासून कुणी नसताना तो पंखा दुपारी अडीचला बोंबलत असायला हवा. आणि रिद्धी म्हणते, मी येते तेव्हा गप्प असतो. हातपाय धुऊन ताट वाढून घेतलं की सुरू होतो... म्हणजे पाच मिनिटांनी.

“इम्रानभाई, तो कधी थांबला, कधी सुरू झाला, हे कुठे दिसतं का हो?”

दिसत होतं. त्या प्रोग्रॅमने स्वतःची हजेरी लिहून ठेवली होती. सकाळी नऊच्या आत सुरू. दुपारी एक वाजून दहा-बारा मिनिटांनी बंद, पुढे ‘यूजर ॲक्टिव्ह’. मग अडीचनंतर पुन्हा सुरू. सोमवारी तेच. मंगळवारीही तेच. एका गुरुवारी रिक्षा बंद पडली म्हणून रिद्धी सव्वातीनला पोचली होती, मला पक्कं आठवतं, मी गोडाऊनमधून दहा फोन केले होते. त्या गुरुवारी पंखा सुरू झाला होता तीन वीसला.

जो कोणी होता, तो ती येईपर्यंत बसून होता.

इम्रानभाई म्हणाले, नेट गेल्यामुळे तो थांबला असता तर तसं लिहिलेलं असतं. मग म्हणाले, रस्त्यावरून कंटेनर जातात, टेबल हादरून माउस सरकत असेल. मला ते पटवून घ्यायचंच होतं. पण रोज सव्वाएकच्या आत सरकतो आणि पोरगी आली की थांबतो? मी त्यांना म्हटलं, अजून काही काढू नका. मशीन तसंच घरी आणलं.

रविवारी पहिलं काम केलं, कुलूप बदललं. कुणी चावी करून घेतली असेल हीच मला जास्त भीती होती, खरं सांगते. माणसाचीच भीती.

सोमवारी मशीन चालू केलं आणि माउस, कीबोर्ड दोन्ही काढून माझ्या पिशवीत टाकले. खुर्ची टेबलाखाली सरकवली. कुलूप लावलं. दोन्ही चाव्या माझ्याकडे. हाफ डे टाकून पाऊण वाजता परत आले आणि बाहेर खिडकीखाली उभी राहिले. खिडकी आतून बंद, पण घूंऽऽ स्पष्ट ऐकू येत होतं. रणरणतं ऊन, रस्त्यावर ट्रकची रांग, समोर बिगारी जेवायला बसलेले. घाबरावं असं काहीसुद्धा नव्हतं.

एक वाजून अकरा मिनिटांनी पंखा गप्प झाला.

माउस माझ्या पिशवीत होता. मी पिशवीत हात घालून तो चाचपून बघितला. पळून जावंसं वाटत होतं, पण अडीचला याच दारात माझं लेकरू येतं, या एकाच विचाराने कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं. दोन्ही खोल्या, मोरी, पलंगाखाली — कुणी नाही. मागचं दार आतून कडी लावलेलं. फक्त खुर्ची टेबलापासून बाहेर ओढलेली होती, आणि तिचं तोंड कॉम्प्युटरकडे नव्हतं. दाराकडे होतं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले, घड्याळ बघत. बरोबर पाच मिनिटांनी पंखा सुरू झाला.

त्याच दिवशी रिद्धीला शाळेतूनच माझ्या बहिणीकडे धाडलं. ती धामणकर नाक्याजवळ राहते. मशीन इम्रानभाईंकडे नेलं. सोमवारची हजेरी बघून ते ‘यूजर ॲक्टिव्ह’वर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग सगळं फॉरमॅट करून दिलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “येरी झालीस का गो? आन असलाच कोन, तं आई असंल. नातीची वाट बगत बसत असंल.”

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. पोरीवर जीव होता त्यांचा, मान्य. पण त्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसायच्याच नाहीत. माउस बघितला की म्हणायच्या, “त्या उंदराला मी न्हाय हात लावाची.” त्या असत्या तर चुलीपाशी बसल्या असत्या. मग माझ्या पोरीची रोज वाट बघणारं हे कोण? मला ह्याचं उत्तर आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर लिहा, शिव्या घाला हवं तर, पण लिहा.

आता रिद्धी घरी यायचा हट्ट धरून बसलीय, मावशीकडे अभ्यास होत नाही म्हणते. हे म्हणतात, मशीन सुधारलं ना, मग आता कसला बाऊ?

मशीन सुधारलंय, तेच तर झालंय. आता आत कुणी आहे की नाही, हे सांगणारं काही उरलं नाही. गेल्या आठवड्यात मी इम्रानभाईंना जाऊन विचारलं, “तो प्रोग्रॅम परत टाकून मिळेल का?” “दीदी, लोग निकलवाने आते हैं,” एवढंच ते म्हणाले.

आता पंखा दिवसभर गप्प असतो. सकाळी गप्प, एक वाजून अकराला गप्प, अडीचला गप्प. खुर्ची मी विकून टाकली.

उद्याची रजा टाकलीय. अडीचला रिद्धी येईल, पण कुलूप मी काढणार. आणि पंखा सुरू व्हायला लागायची ती पाच मिनिटं तिला बाहेरच उभी करणार.